‘हे कोणाच्या घरी हाय?’ : खेड्यातल्या एका संग्रहालयात गाईड तयार करतानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातलं एक मोठं खेडं. गावाचं नाव सांगत नाही, संस्थेचंही नाही, आणि काही बारकावे मुद्दाम बदललेत, कारण त्या भागात नुसतं ‘ते रिटायर्ड गुरुजी’ म्हटलं तरी चार गावांना कळते कोण ते. गावात जुन्या मालगुजाराचा, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या गावमालकाचा, वाडा आहे. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, घरचे लोक हळूहळू नागपूरला गेले, आणि वाड्याचा समोरचा भाग त्यांनी एका स्थानिक संस्थेला वापरायला दिला. संस्थेनं तिथं संग्रहालय केलं. संग्रहालय म्हणजे तीन खोल्या, एक पडवी आणि मागचं अंगण. एका खोलीत शेतीची अवजारं, म्हणजे नांगर, वखर, दतारी, चिखल सारखा करायचा कोपर वगैरे. दुसरीत धान्य मोजायच्या पायल्या, कणगी, जातं, उखळ. तिसरीत तलावाचं सगळं. हा भाग मामा तलावांचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचा, कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधत आणलेल्या, तर तिथं एका तलावाचं मातीचं मॉडेल आहे, पाळ, तुडुम म्हणजे पाणी सोडायचं दार, नहर सगळं दाखवलेलं, आणि भिंतीला मासे धरायचे बांबूचे सापळे, जाळी टांगलेली. अंगणात, खरं तर अंगणाच्या थोडं बाहेर पिंपळाखाली, एक वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्याच्या आठवणीची शिळा, उभी आहे, शेंदूर लावलेली, तिची पूजा होते त्यामुळे ती संग्रहालयाची पण आहे आणि नाही पण.

येणारे लोक म्हणजे नव्वद टक्के शाळाच. दिवाळी झाली की जानेवारीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा, एखादी तालुक्याची कॉन्व्हेंट. माहिती सांगायला पाच जण, सगळे विनामोबदला. एक रिटायर्ड मुख्याध्यापक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात आणि ज्यांनी अर्ध्या वस्तू स्वतः सायकलनं फिरून गोळा केल्या. दोन मुली, तालुक्याच्या कॉलेजात बीएला, एनएसएसमधून आलेल्या. एक बचत गटाच्या ताई. आणि एक वाढईकाका, जे खरं तर मोडलेल्या वस्तू दुरुस्त करायला यायचे, सांगायचं काम त्यांचं नव्हतंच. मी बाहेरचा, संस्थेनं ‘गाईड लोकांना थोडं ट्रेनिंग द्या’ म्हणून बोलावलेला.

अडचण काय होती

पहिल्यांदा मी काहीच न बोलता एका शाळेच्या मागे मागे फिरलो. सत्तरेक पोरं, दोन शिक्षक. गुरुजींनी पडवीत सगळ्यांना खाली बसवलं आणि गोंड राजांपासून सुरुवात केली. माहिती खरी होती, मेहनतीनं मिळवलेली होती, मला स्वतःला ऐकायला आवडली. पण पाचवी-सहावीची पोरं पाऊण तास थंड फरशीवर, आणि ज्या वस्तूंबद्दल सांगणं चालू आहे त्या वस्तू आतल्या खोलीत. मग आत सोडलं. आत त्या दोन मुली होत्या, त्यांना गुरुजींनी लिहून दिलेली अकरा पानं पाठ होती, आणि त्या वस्तूकडे तोंड करून, पोरांकडे पाठ करून, ती पानं म्हणत होत्या. मागच्या रांगेला ना वस्तू दिसे ना आवाज येई. शिक्षकांनी पोरांना सांगितलेलं की वस्तूंची नावं वहीत उतरवा, घरी गेल्यावर निबंध आहे. त्यामुळे पोरं पाटी बघत होती, वस्तू नाही. एका पोरानं तर समोर पायली असताना पाटीवरून ‘पायली’ लिहिलं आणि पुढं सरकला, वर मानसुद्धा केली नाही.

तिसऱ्या खोलीत गुरुजी परत आले आणि मासे धरायच्या सापळ्याकडे बोट करून म्हणाले, "पूर्वीच्या काळी लोक यात मासे धरत असत." मागून एक पोरगा बोलला, "आता बी धरतेत ना गुर्जी, आमच्या बोडीत." बोडी म्हणजे छोटं तळं. पोरं हसली. गुरुजी म्हणाले, "मधे बोलायचं नाही, शेवटी प्रश्न विचारा." शेवटी कोणी काही विचारलं नाही, गाडी आली होती.

मला वाटते खरी अडचण तिथंच कळली. त्या पोराला त्या वस्तूबद्दल खोलीतल्या कोणापेक्षाही जास्त माहीत होतं. मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयात गाईडकडे माहिती आणि बघणाऱ्याकडे नाही, असा हिशोब काही अंशी बरोबर बसतो. इथं तो उलटा होता. संस्थेला वाटत होतं की मुलींचं बोलणं कच्चं आहे, स्टेज डेअरिंग कमी आहे, म्हणून ट्रेनिंग पाहिजे. बोलणं कच्चं होतंच, पण ते पक्कं करून फायदा काय होता, पोरं तशीच पाटी उतरवत बसली असती, फक्त आवाज मोठा झाला असता.

पर्याय कोणते होते

समितीच्या बैठकीत चार गोष्टी पुढं आल्या. अध्यक्षांचं म्हणणं, स्क्रिप्ट सुधारून छापा आणि सगळ्यांकडून नीट पाठ करून घ्या, निदान सगळे एकसारखं सांगतील. कॉलेजच्या एका सरांनी सुचवलं की प्रत्येक वस्तूला क्यूआर कोड लावू, मोबाईल लावला की ऑडिओ ऐकू येईल. ऐकायला भारी, पण जिल्हा परिषदेच्या पाचवीच्या पोराकडे मोबाईल कुठून येणार, आणि त्या वाड्याच्या जाड भिंतीत रेंज म्हणजे अंगणातल्या एका कोपऱ्यात उभं राहिलं तर. तिसरा, पगारी गाईड ठेवा. पैसे नव्हते, विषय संपला.

चौथा मी मांडला, की माणसं हीच राहू द्या, स्क्रिप्ट बाजूला ठेवा, वस्तू कमी करा आणि पोरांना बोलू द्या. यावर गुरुजींनी जो आक्षेप घेतला तो मला आजही वजनदार वाटतो. ते म्हणाले, "पोरं बोलतील, पण त्यांना नवीन काय मिळेल? जे घरी आहे तेच बोलतील. मग इथं आणलं काहून?" नुसते प्रश्न विचारून सोडून देणारे गाईड मी पाहिलेत, ‘तुम्हाला काय वाटतं, अरे वा, छान’, आणि पुढं. पोरगं जितकं घेऊन आलं तितकंच घेऊन जाते. म्हणून चौथ्या पर्यायात एक अट घातली की प्रत्येक वस्तूमागे गाईडनं एक तरी गोष्ट अशी सांगायची जी नुसतं बघून कळत नाही, पण ती बघून झाल्यावर सांगायची, आधी नाही. गुरुजींची अकरा पानं त्यासाठीच लागणार होती. यावर ते तयार झाले, म्हणजे विरोध सोडला असं म्हणू.

दुसरा वाद गटाच्या आकाराचा. पंधराच्या वर पोरं एका वस्तूभोवती उभी राहूच शकत नाहीत, हे कोणालाही उभं राहून बघितलं की कळते. पण अध्यक्षांना वर्षाच्या अहवालात आकडा दाखवायचा असतो, ‘इतक्या विद्यार्थ्यांनी भेट दिली’. त्यामुळे शाळेला ‘कमी पोरं आणा’ म्हणायला नकार. तोडगा असा की शाळा सगळी येऊ द्या पण आत चार तुकड्या करा, दोन आत, एक अंगणात, एक वाढईकाकांजवळ. काकांना यात ओढलं ते केवळ माणूस कमी पडत होता म्हणून.

काय केलं

ट्रेनिंग जुलैत ठरलं होतं, कारण शाळांच्या सहली नसतात. धानपट्ट्यात जुलै म्हणजे रोवणी, धानाची लावणी, हे ठरवताना कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही देव जाणे. दोन्ही मुली रोवणीला, बचत गटाच्या ताई रोवणीला, खोलीत गुरुजी आणि मी. मग पोळा झाल्यावर पुन्हा बसलो.

सुरुवात संग्रहालयाबाहेर केली. सगळ्यांना घेऊन वर्ध्याकडे गेलो, सेवाग्रामला. तिथं आश्रमात साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पेटी ठेवलेली आहे. मी सगळ्यांना पाटी न वाचता त्याच्यासमोर उभं केलं आणि काहीच बोललो नाही. बचत गटाच्या ताई म्हणाल्या, "मारायचं असतं तर काठी पुरली असती, पेटी कायले?" मग मुलीतली एक, "म्हणजे सोडून देत असतील दूर नेऊन." अहिंसेवरचं अर्ध्या तासाचं भाषण त्या एका पेटीनं वाचवलं. परतीच्या एसटीत चर्चा तीच, की आपल्याकडे अशी ‘पेटी’ कोणती. त्यातून चार वस्तू निघाल्या, सापळा, पायली, तुडुमाचं मॉडेल आणि वीरगळ. बाकीच्या दीडशे वस्तू पोरं स्वतः हिंडून बघतील असं ठरलं. गुरुजींना हे फार जड गेलं, प्रत्येक वस्तूमागे त्यांची सायकल होती.

मग तंत्राचा भाग. उभं कुठं राहायचं, वस्तूच्या बाजूला, तिरकं, म्हणजे पोरं आणि वस्तू दोन्ही दिसतात. हे दहा मिनिटांत जमलं. प्रश्न विचारून थांबणं मात्र महिनाभर जमेना. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधून हे मोजलेलं आहे, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदभर थांबतात आणि मग स्वतःच बोलतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, जास्त पोरं बोलतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, पण चाळीस डोळे आपल्याकडे बघत असताना ते फार वाटतात. मुलींना सांगितलं, मनात ‘एक पायली, दोन पायली, तीन पायली’ म्हणा. हसल्या, पण जमलं.

प्रश्न कोणते, तर चित्र दाखवून बोलतं करायची एक पद्धत अमेरिकेत ॲबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन या दोघांनी बसवली, तिच्यात तीनच प्रश्न आहेत. इथं काय चाललंय, कशावरून म्हणतोस, अजून काय दिसतं. मुलींनी ते आपल्या बोलीत आणले, "इथं का चालू हाय? कायच्यावरून म्हणतेस? आनखी का दिसते?" आणि खरं सांगतो, पुस्तकी मराठीत विचारलं की पोरं ताठ होत, आणि असं विचारलं की पोरं खोलीत पसरत. आश्रमशाळेची गोंडी बोलणारी पोरं तरीही गप्प राहत. ताईंनी त्यावर साधा उपाय काढला, "आधी शेजारच्याशी तुमच्या भाषेत बोला, मग एकानं मले सांगा." दोन मिनिटं नुसता कलकलाट, आणि मग हात वर.

पायलीचं काम वाढईकाकांकडे गेलं. त्यांनी एक पायली धानानं भरून आणि तीच पायली तांदळानं भरून तराजूत घालायला लावली. आधी पोरांना विचारायचं, कोणतं जड? बहुतेक म्हणत सारखंच, पायली एकच आहे ना. तांदूळ जड निघे, कारण धानाच्या टरफलामुळे मधे हवा जास्त राहते. मग काका विचारत, "आता मले सांगा, मजुरी धानात घ्याल का तांदळात?" आणि यानंतर, फक्त यानंतर, गुरुजींच्या पानातली गोष्ट, की माप गावागावाला वेगळं असायचं आणि १९५८ पासून किलोग्रॅम आला तेव्हा हा गोंधळ हळूहळू मिटला. जो माणूस सांगायच्या कामाचाच नव्हता तो सगळ्यात चांगला गाईड निघाला. हात चालू असताना तो बोलत होता म्हणून असेल, त्याला पाठांतर करायला कोणी सांगितलंच नव्हतं म्हणूनही असेल.

पहिला निर्णयाचा क्षण : चुकीच्या उत्तराचं काय

वीरगळीवर तीन कप्पे आहेत. खालच्यात लढाई, मधल्यात दोन बाया एका माणसाला वर नेताना, वरच्यात पिंडीची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तीन प्रश्नांसाठी यापेक्षा चांगली वस्तू नाही. पहिल्याच तुकडीत एक पोरगा म्हणाला, "शिवाजी महाराज आणि अफजलखान." मुलीनं विचारलं, "कायच्यावरून?" "तलवार हाय, दोघं लढून राहिले." ती म्हणाली, "छान, आनखी का दिसते?" आणि पुढं गेली, कारण ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं की पोराला चूक म्हणून गप्प करायचं नाही. बाकीच्या पोरांनी तेच धरलं, शाळेत जाऊन निबंधात तेच लिहिलं, आणि त्या शाळेचे सर संस्थेवर चिडून आले, की तुमच्याकडे इतिहास शिकवतात का बिघडवतात. बरोबरच होतं त्यांचं.

यावर दोन मतं पडली. गुरुजी म्हणाले बघा, मी सांगतच होतो. मुली म्हणाल्या, मग आम्ही परत स्क्रिप्टवर जातो. मधला रस्ता शोधायला दोन बैठका गेल्या. शेवटी नियम असा झाला की पोरगा जे बघून बोलला ते उचलून धरायचं, आणि जे नाव किंवा काळ त्यानं चुकीचं जोडलं ते त्याच वस्तूवरून सोडवायचं. म्हणजे, "तलवार बरोबर पाहिली तू. आता वरच्या कप्प्यात बघा, तोच माणूस का करून राहिला? इथं जिंकणारा दाखवला हाय का मेलेला?" पोरं स्वतःच म्हणतात की मेला, बाया त्याला वर नेऊन राहिल्या. मग गाईडनं स्पष्ट सांगायचं, की ही लढाईत मेलेल्या गावच्या माणसाची आठवण आहे, अशा शिळा महाराजांच्या कितीतरी आधीपासून उभ्या करत, आणि चंद्र-सूर्य म्हणजे ते असतील तोवर याचं नाव राहो. अंदाज कितीही चालतील, पण तुकडी हलायच्या आधी जे पक्कं माहीत आहे ते पक्कं सांगून झालं पाहिजे. एक पोट्टी म्हणाली, "पण हा तर आमचा देव हाय, आमची आजी नारळ फोडते." तिला काय सांगायचं हे कोणाच्या पानावर नव्हतं. मुलीनं उत्तर दिलं, "दोन्ही हाय." मला त्यापेक्षा चांगलं सुचलं नसतं.

दुसरा निर्णयाचा क्षण : ‘हे कोणाच्या घरी हाय?’

पहिल्या दिवशीचा तो बोडीवाला पोरगा लक्षात ठेवून आम्ही सापळ्याजवळचा पहिला प्रश्न ठरवला होता, "हे कोणाच्या घरी हाय?" कागदावर उत्तम. पोराचं घरचं ज्ञान खोलीत येते, गाईड शिकणारा होतो, सगळं. एका तुकडीत एका पोरानं हात वर केला, आणि मागून कुजबुज आली, "ढिवराचा हाय ना तो." ढिवर म्हणजे मासे धरणारा समाज. हसले. हात खाली गेला. ताईंनी ते ऐकलं, गुरुजींनी पण ऐकलं. त्या पोरानं नंतर तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी ताईंनीच विषय काढला. त्या म्हणाल्या, शहरात हा प्रश्न विचारा, काही होत नाही. गावात कोणाच्या घरी काय आहे हे विचारणं म्हणजे जात विचारणं. सापळा म्हणजे ढिवर, कातड्याचं अवजार म्हणजे कोण ते सगळ्यांना माहीत, मोठी कणगी म्हणजे ज्याला जमीन आहे तो. आपण ज्याला मोकळा प्रश्न म्हणतो तो इथं मोकळा राहतच नाही. ट्रेनिंगच्या कुठल्याही साहित्यात मी हे वाचलं नव्हतं, तिथं उलट ‘बघणाऱ्याच्या अनुभवाशी जोडा’ असंच असते. जोडा, पण कोणासमोर जोडता ते बघा, एवढं त्यात घालायला पाहिजे.

पर्याय दोन होते. सापळाच चार वस्तूंतून काढायचा, म्हणजे भानगड नको. अध्यक्ष याच बाजूचे. पण काढला तर तलावाच्या खोलीत पाणी आणि धान राहते, मासे धरणारी माणसं जातात, जसं काही तलाव फक्त बांधणाऱ्यांचा आणि शेतीवाल्यांचाच. गुरुजी इथं ठाम उभे राहिले, सापळा राहील. मग प्रश्न बदलला. घर सोडून वस्तूच्या कामावर आणला, "याच्या तोंडाशी आतल्या बाजूला काड्या काहून वळवल्या?" पोरं हात घालून बघतात, आत जाताना काड्या सरकतात, बाहेर काढताना टोचतात. मग "हा पाण्यात कोणत्या तोंडानं ठेवाल?" इथं वाद पेटतो. काही म्हणतात प्रवाहाकडे तोंड, काही उलट. ज्याला माहीत आहे तो पोरगा आता न राहवून बोलतोच, की पहिल्या पावसात मासा उलट पाण्यात चढते, तेव्हा तोंड खालच्या बाजूला. त्याला कोणी घर विचारलं नाही, तो हुशार म्हणून बोलला. आणि शेवटी गाईड सांगतो की हे डिझाईन पिढ्यान्‌पिढ्या पाणी बघून केलेलं आहे, आणि ते ढिवर समाजाचं कसब आहे, नाव घेऊन, मानानं. नाव लपवायचं नाही असं ठरलं, फक्त ते पोराच्या अंगावर टाकायचं नाही, वस्तूच्या बाजूनं घ्यायचं. हसू पूर्ण थांबलं असं मी म्हणणार नाही. कमी झालं.

गुरुजींचं काय झालं

हा भाग तंत्राचा नाही पण सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. पडवीतलं पाऊण तासाचं भाषण पाच मिनिटांवर आलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी आता वाचमन झालो." दोनेक आठवडे आलेच नाहीत. अध्यक्ष घरी गेले, मी गेलो, त्यांच्या सूनबाईंनी चहा दिला आणि सांगितलं बाबा शेतात आहेत. मग मुलींनीच एक युक्ती केली. शेवटच्या खोलीत एक खुर्ची आणि टेबल टाकलं आणि पोरांना सांगायला लागल्या, की जो प्रश्न आमच्याकडून सुटला नाही तो चिठ्ठीवर लिहा, गुरुजी आले की उत्तर देतील. चिठ्ठ्या साचल्या. एक गठ्ठा त्यांच्या घरी पोचवला. ‘तुडुम बंद कसा करत?’, ‘तलाव बांधणाऱ्याला पैसे कोण देई?’ असे प्रश्न. दुसऱ्याबद्दल त्यांच्याकडे भरपूर होतं, तलाव बांधणाऱ्याला गोंड राजांकडून त्याखालची जमीन कशी मिळे वगैरे. ते आले, खुर्चीवर बसले. आता शाळा गेली तरी ते चिठ्ठ्या घेऊन बसतात आणि उत्तरं शाळेला पोस्टकार्डानं पाठवतात. भाषण अधूनमधून वीस मिनिटांचं होतेच. होऊ देतो.

निष्पत्ती

आकड्यात सांगण्यासारखं फार नाही, संस्थेनं मोजमाप ठेवलं नाही. जे दिसलं ते असं, की पोरं वस्तूजवळ जास्त वेळ थांबतात, पाटी उतरवणं कमी झालं पण बंद नाही, आणि रविवारी काही पोरं घरच्यांना घेऊन आली, बहुतेक पायली आणि तराजूसाठी. दोन शाळांनी तक्रार केली की पोरांना ‘माहिती मिळाली नाही’, वहीत काही नाही. त्यांच्यासाठी गुरुजींच्या पानांतून एक पानाचा मजकूर काढला, तो आता शिक्षकांना निघताना देतात, आधी नाही, आधी दिला की फळ्यावर लिहून पाठ करून आणतात, हेही झालेलं आहे. एका मुलीचं बोलणं फार खुललं, दुसरीला अजूनही पाठ केलेलंच बरं वाटते आणि ताण आला की ती वस्तूकडे तोंड करते. सगळ्यांना एकाच साच्यात बसवायचा हट्ट समितीनं सोडला, ही दुसरी मुलगी आता नोंदी आणि पाट्यांचं काम बघते, आणि ते ती उत्तम करते.

वेगळं काय करता आलं असतं

वाढईकाका आणि ताईंना ट्रेनिंगच्या आधीच विचारायला पाहिजे होतं. गावात काय बोललं की काय होते हे त्यांना माहीत होतं, पण बैठकीत ते खुर्चीवर नव्हते, दाराशी होते. चार वस्तूंची निवड त्यांच्यासोबत झाली असती तर सापळ्याचा प्रश्न पहिल्या दिवशीच वेगळा निघाला असता. चुकीच्या उत्तराचा सराव आपापसात आधी करायला पाहिजे होता, एकानं पोरगा व्हायचं आणि मुद्दाम उलटसुलट बोलायचं. हे नंतर केलं, भरपूर हसलो, पण शाळेचे सर चिडून गेल्यावर. शाळांशी बोलणंही आधी पाहिजे होतं, एक फोन, की यावेळी वही नको. आणि गुरुजींचं भाषण कापण्याआधी त्यांना नवं काम द्यायला पाहिजे होतं, आम्ही आधी कापलं आणि मग काम शोधलं.

एक गोष्ट अजून लोंबकळत आहे. मागच्या पडवीत एक जुनी मोट पडलेली आहे, ऊस-भाजीच्या वाडीवरच्या विहिरीची, चामड्याची, नाड्यासकट. वाढईकाकांना ती पाचवी वस्तू म्हणून पाहिजे, कारण बैल उतारावरून खाली चालले की मोट वर येते हे पोरांना दोरी हातात देऊन दाखवता येते. समितीतल्या दोघांचं म्हणणं की मोट दाखवा पण ती शिवली कोणी हे कशाला काढता. ताईंचं म्हणणं की सापळ्याला कसब म्हटलं तर मोटेला पण म्हणावं लागेल, नाहीतर मोट दाखवूच नका. गुरुजी ताईंच्या बाजूचे आहेत. ज्यांच्या घरचे लोक मोटा शिवत त्या मोहल्ल्यातल्या दोन म्हाताऱ्यांना बैठकीला बोलवायचं ठरलंय, रोवणी आटोपली की.